आशियाई हत्तीचा मेंदू आफ्रिकन हत्तीपेक्षा जड कसा काय? (एमआरआय, हत्ती आणि आमचं भात)

खानापूर_स्कॅन
नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका स्कॅन सेंटरमधे एमआरआय टेक्निशियन आहे, गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. रोज माणसांचे मेंदू बघतो. परवा एक पेपर वाचनात आला आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना म्हणून इथं टाकतोय.

बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठातल्या मायकेल ब्रेख्त यांच्या गटाचं काम आहे, 2025 मधे पीएनएएस नेक्सस या विज्ञानाच्या नियतकालिकात आलंय. हत्तींचे मेंदू काढून वजन केले, एमआरआय केले, जुनी नोंदलेली वजनं जोडीला घेतली. निघालं असं की पूर्ण वाढलेल्या आशियाई मादीचा मेंदू सरासरी 5346 ग्रॅम आणि आफ्रिकेतल्या सव्हाना हत्तीणीचा 4417 ग्रॅम. म्हणजे अंगानं मोठी ती आफ्रिकेची, आणि मेंदू जड आपल्याकडच्या हत्तिणीचा! माणसाचा साधारण 1350 धरा.

दुसरी गोष्ट, लहान मेंदू, म्हणजे मागच्या बाजूला खाली असतो तो, तो आफ्रिकन हत्तीत एकूण मेंदूच्या 22 टक्के आणि आशियाईत 19 टक्के. माणसात हा आकडा 10 च्या आसपास. तिसरी गोष्ट, जन्मानंतर हत्तीचा मेंदू जवळजवळ तिप्पट होतो.

माझा प्रश्न सरळ आहे. हा जवळजवळ किलोभर जास्तीचा मेंदू आपला हत्ती कशाला वापरतो? ज्यांनी हत्ती जवळून बघितलाय त्यांनी जरूर लिहा. आमच्या आईचाही एक प्रश्न आहे, तो नंतर सांगतो.

कॅम्पवाला
सोप्पं आहे की. आपला हत्ती हुशार. हजारो वर्षं माणसाबरोबर राहिलाय, लाकडं ओढली, लढाया केल्या, देवळात उभा राहिला. आफ्रिकेचा कुठं माणसाळला? मेंदू मोठा म्हणून माणसाळला.

अनगोळ_बॉय
+१. आमच्या बारक्यानं हे ऐकून विचारलं, पाच किलो मेंदू आहे तर मग हत्तीला शाळा का नाही. मी म्हटलं त्याच्या पाठीला बसेल असं दप्तर मिळत नाही म्हणून सूट दिलीय.

शहापूरची_सून
बारक्याला सांगा शाळा असते त्यांची, मावश्या आणि आजी शिकवतात :)

लोंढा_जंक्शन
@कॅम्पवाला, हे उलटंसुलटं होतंय बघा. पाळीव केल्यानं मेंदू मोठा होतो असं कुठंच दिसलेलं नाही, उलट लांडग्यापेक्षा कुत्र्याचा आणि रानडुकरापेक्षा पाळीव डुकराचा मेंदू लहान झालाय. आणि दुसरं म्हणजे हत्ती खऱ्या अर्थानं पाळीव कधी झालाच नाही. गाय बैल जसे पिढ्यान् पिढ्या आपण निवडून वाढवले तसं हत्तीचं नाही, तो प्रत्येक वेळी रानातून धरून आणला. आपल्याच राज्यात बघा, काकनकोटेचा खेड्डा, म्हणजे कळप हाकून कुंपणात अडकवून धरायची पद्धत, 1971 पर्यंत चालू होता. म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणी सुद्धा म्हैसूरकडं हत्ती कळपानं धरले जात होते. पकडलेला हत्ती म्हणजे जंगली हत्तीच, शिकवलेला. मग माणसाच्या सहवासानं त्याचा मेंदू कसा वाढेल?

तुम्ही दुसऱ्या टोकाकडनं म्हणत असाल, की मेंदू आधीच मोठा होता म्हणून शिकवणं सोपं गेलं, तर ते मी मान्य करेन, निदान विचार करण्यासारखं आहे. पण तिथंही आफ्रिकेचा हत्ती शिकतच नाही असं नाही. रोमशी लढलेल्या कार्थेजच्या हनिबल सेनापतीचे हत्ती उत्तर आफ्रिकेतले होते बहुतांश, आणि काँगोत बेल्जियन लोकांनी गांगाला ना बोदियो इथं हत्ती शिकवायचं केंद्रच काढलं होतं.

कॅम्पवाला
बरं, आधीच मोठा होता असंच म्हणतो मी. खेड्ड्याचा मुद्दा डोक्यात नव्हता आला, तो चांगला सांगितलात.

पशुवैद्य_सीमा
मी सरकारी नोकरीत गुरांचा डॉक्टर होतो, आता निवृत्त. हत्तीच्या पोस्टमॉर्टेमला दोन वेळा हजर होतो, दोन्ही वेळा शेताच्या तारेत सोडलेल्या करंटनं मेलेले. त्यामुळं मेंदू काढून मोजला असं कुणी लिहिलं की माझे हात जोडले जातात.

हत्तीचं डोकं बाहेरनं केवढं दिसतं, पण कवटीचं हाड आत पोकळ घरांचं असतं, मधाच्या पोळ्यासारखं, हवेनं भरलेलं. तसं नसतं तर ते डोकं मानेला पेललंच नसतं. मेंदू त्याच्या खूप मागं आणि खाली बसलेला. तिथं पोचायला कुऱ्हाड, करवत, तास न् तास. आणि वेळ तर नसतोच. एवढं मोठं जनावर, जाड कातडं, मेल्यावर आतली उष्णता बाहेरच पडत नाही आणि मेंदू मऊ होत जातो, दुसऱ्या दिवशी उघडलं तर लापशी. आम्ही दोन्ही वेळा कवटी उघडलीच नाही. कारण समोर स्पष्ट होतं, सोंडेवर भाजल्याची खूण होती, कागदपत्रं झाली, तिथंच जेसीबीनं खड्डा काढून पुरलं. पहिल्या वेळी मी तिथंच बांधावर बसून राहिलो होतो बराच वेळ. मादी होती, दूध होतं तिला.

2009 मधे पॉल मँगर यांच्या गटानं झिंबाब्वेत 3 आफ्रिकन हत्तींच्या बाबतीत फार काळजीनं काम केलं होतं. मानेतल्या धमन्यांतून आधी सलाइन आणि मग फॉर्मालिन सोडून मेंदू कवटीतच पक्का केला आणि मग बाहेर काढला. असे चांगले मेंदू जगात मोजके आहेत म्हणून एकेक मेंदूची किंमत आहे. आकडे थोडे आहेत म्हणून कुणी नाक मुरडू नये.

टिळकवाडी_वाचक
डॉक्टर, वाचून पोटात तुटलं. पिल्लाचं काय झालं?

पशुवैद्य_सीमा
कळपाबरोबर होतं. ते लोक दोन रात्री तिथंच आजूबाजूला होते, गावकऱ्यांनी आवाज ऐकले. मग गेले.

भातवाला_कणकुंबी
मी शेतकरी माणूस. आमच्याकडं हत्ती दरवर्षी येतंय, भीमगडच्या बाजूनं उतरतंय, भात पिकायला लागलं की. 2002 ला इथनंच पलीकडं चंदगड, दोडामार्गात गेले ते तिकडंच रमले काही. तुम्ही म्हणता मेंदू किती ग्रॅम, आम्ही म्हणतोय याला आमचं बांध कसं पाठ. गेल्या साली केळी लावली घराच्या मागं, कुणाला सांगितलं नाही, तरी आला तो सरळ घराच्या मागं. लई हुशार हाय, यात काय वाद नाही. पण नुकसान कोण भरून देणार?

अनगोळ_बॉय
केळीचा वास त्याला लांबून येतोय हो. हुशारी आणि नाक वेगळं.

भातवाला_कणकुंबी
वास येतंय ते खरं. पण कुत्री बांधलेल्या बाजूनं तो आला नाही, हे वासानं नाही, हे डोक्यानं.

खानापूर_स्कॅन
भातवाले काका बरोबर बोलूलाल्यात, माझाही प्रश्न तिथंच येऊन थांबतोय.

मधे कुणीतरी मेसेजमधे विचारलं की हत्तीला एमआरआयमधे घालतात कसं. जिवंत हत्तीला नाहीच घालत. आमच्या मशिनचं भोक 60-70 सेंटिमीटरचं, त्यात हत्तीचं नुसतं डोकं पण मावणार नाही. मेल्यावर काढलेला मेंदू घालायचा. तो जातो आरामात, पण माणसाच्या डोक्याची कॉइल (डोक्याभोवती बसवतात तो सिग्नल पकडणारा भाग) त्याला अपुरी पडेल असं मला वाटतं, मी असतो तर अंगाची कॉइल वापरली असती. फॉर्मालिनमधल्या मेंदूत पाण्याचं वागणं बदलतं, म्हणून रोजचे सेटिंग चालत नाहीत, ते नव्यानं बसवावे लागतात. आणि वळ्यांच्या फटीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तिथं चित्रात काळं भोक पडतं.

मग खरं काम. एकेका कापावर लहान मेंदू कुठं संपतो, मोठा कुठं सुरू होतो याच्या रेषा मारायच्या आणि सगळ्या कापांचं मिळून घनफळ काढायचं. घनफळाला 1.036 नं, म्हणजे मेंदूच्या घनतेनं, गुणलं की ग्रॅम. फायदा काय, तर मेंदूला सुरी लावायला लागत नाही. आत काय किती आहे ते मोजून मेंदू जसाच्या तसा बरणीत परत.

गणितमास्तर_निपाणी
मूळ पोस्टमधले आकडे घेऊन जरा बसलो. दोन गोष्टी.

पहिली. सरासरीबरोबर प्रमाण विचलनही दिलंय पेपरात, आशियाईला 916 आणि आफ्रिकनला 593. म्हणजे पसारा मोठा आहे. एखादी आशियाई हत्तीण साडेचार किलोची पण असेल आणि एखादी आफ्रिकन पाच किलोची. फरक सरासरीतला आहे, प्रत्येक हत्तीतला नाही, आणि तो माद्यांपुरताच सांगितलेला आहे हे ध्यानात ठेवा.

दुसरी जास्त महत्त्वाची आणि ती कुणी बोललं नाही अजून. आफ्रिकन हत्तीत लहान मेंदू 22 टक्के, आशियाईत 19 टक्के, हे ऐकून वाटतं आफ्रिकनचा लहान मेंदू मोठा. पण कशाचे टक्के? 4417 चे 22 टक्के काढा, 972 येतात. 5346 चे 19 टक्के काढा, 1016. म्हणजे ढोबळमानानं दोघींचा लहान मेंदू एक किलोच्या आसपासच, सारखाच! आता उरलेला बघा. आफ्रिकन 3445, आशियाई 4330. सगळा फरक या उरलेल्या भागात आहे. आशियाई हत्तिणीनं लहान मेंदू कमी केलेला नाही, मोठा मेंदू वाढवलाय. टक्केवारी नेहमी अशी फसवते, आठवीच्या पोरांना मी हेच सांगून दमतो.

खानापूर_स्कॅन
मास्तर! पाच वेळा वाचला मी तो पेपर आणि हे गुणाकार केले नव्हते. आभार.

शहापूरची_सून
मास्तर तुमच्यासारखे शिक्षक मला असते तर गणितात मी पुढं गेले असते.

लोंढा_जंक्शन
मास्तरांचं गणित पटलं, पण वजनावरून थेट अकलेवर उडी नको. 2014 मधे सुझाना हर्क्युलानो हूझेल यांनी आफ्रिकन हत्तीच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या. एकूण 25,700 कोटी. माणसाच्या 8,600 कोटी. म्हणजे तिप्पट! पण त्यातल्या साडेसत्त्याण्णव टक्के त्या लहान मेंदूत. वरच्या कॉर्टेक्समधे, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात, फक्त 560 कोटी, माणसाच्या कॉर्टेक्समधे 1,600 कोटी. मेंदूचा पाचवा हिस्सा वजनाचा, आणि जवळपास सगळ्या पेशी त्याच्यात. त्यामुळं आशियाईचं जे 900 ग्रॅम जास्त आहे ते पेशींच्या संख्येत किती उतरतं हे वजनाच्या काट्यावर कळणार नाही. मोठ्या भागात मोठ्या पेशी, लांब तारा आणि आधाराच्या पेशी जास्त असू शकतात.

टिळकवाडी_वाचक
पण लहान मेंदूत एवढ्या पेशी हव्यात कशाला हत्तीला? लहान मेंदू म्हणजे तोल सांभाळणारा ना? शाळेत तेच शिकलो.

पशुवैद्य_सीमा
तोल, आणि हालचालीची बारीक शिस्त. आता सोंड डोळ्यासमोर आणा. एकही हाड नाही, सांधा नाही. आपला हात खांद्यात, कोपरात, मनगटात वाकतो, ठरलेल्या जागी. सोंड कुठंही वाकते, कुठंही पिळते, लांब होते, आखडते. अशा अवयवाला हुकूम द्यायचा म्हणजे केवढा हिशेब! त्यात ती नाक पण आहे, पाण्याची नळी पण आहे आणि स्पर्शाचं बोट पण आहे. सोंडेकडून मेंदूकडं जाणारी स्पर्शाची नस डोळ्याच्या नसेपेक्षा कितीतरी जाड असते.

याच बर्लिनच्या गटानं 2022 मधे दुसरं काम केलं होतं. मेंदूच्या देठात चेहऱ्याचे आणि सोंडेचे स्नायू हलवणारं एक केंद्र असतं, त्यातल्या पेशी मोजल्या. आफ्रिकन हत्तीत 63,000, आशियाईत 54,000. इथं मात्र आफ्रिकन खरोखर पुढं आहे, टक्क्यात नाही, आकड्यात. कारण त्याच्या सोंडेच्या टोकाला दोन बोटं, वर एक खाली एक, चिमटीत धरतो. आपल्या हत्तीला वर एकच बोट, तो वस्तूला सोंड गुंडाळून धरतो.

भातवाला_कणकुंबी
गुंडाळून, हो हो, अगदी तसंच. ऊस असा वेढा घालून उपसतंय. भाताचा गड्डा उपटला की मुळाची माती झाडायला पुढच्या पायावर आपटतंय फाट फाट. रात्री तो आवाज आला की आम्हाला कळतंय कुठल्या वाफ्यात हाय.

शहापूरची_सून
अगं बाई, हे वाचताना माझ्या लक्षात आलं, आपला गणपती! मोदक सोंडेत कसा असतो मूर्तीत? सोंडेचा वेढा मोदकाला. चिमटीत धरलेला मोदक मी कधी बघितला नाही. माझे सासरे शाडूच्या मूर्ती करायचे शहापुरात, सोंडेचं टोक आत वळवून वाटीसारखं करायचे आणि त्यात मोदक बसवायचे. म्हणायचे हत्ती असाच धरतो. मूर्तिकारांनी आपल्याकडचा हत्तीच नीट बघून घडवलाय की हो.

गणितमास्तर_निपाणी
हे फार सुंदर. उद्या वर्गात सांगणार.

सीमाभाग_७२
हत्तीचा विषय निघालाच आहे तर नांदणीच्या मठातून वनताराला नेलेल्या महादेवी हत्तिणीबद्दल कुणीच का बोलेना? आमच्या भागातनं शेकडो लोक मोर्चाला गेलेले.

अनगोळ_बॉय
दादा भावना सगळ्यांच्या आहेत, माझी आई रडली होती तेव्हा. पण त्याचा वेगळा धागा चालू आहे, तिथं लिहूया. इथं मेंदूवर राहू द्या.

सीमाभाग_७२
ठीक आहे. एकच लिहितो, तिला नेताना लोक आणि ती दोघंही रडले असं सगळे म्हणत होते. तेवढं वाटायला मेंदू लागतो का काळीज, ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा.

टिळकवाडी_वाचक
मेंदूच लागतो दादा, आणि त्यानं ते काही कमी होत नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात हॅपी नावाची हत्तीण होती, आशियाईच. 2006 मधे छापून आलेल्या प्रयोगात तिच्यासमोर भला मोठा आरसा ठेवला आणि कपाळावर डोळ्याच्या वर पांढरी फुली मारली. ती आरशात बघून सोंडेनं स्वतःच्या कपाळावरच्या फुलीला परत परत हात लावत होती, आरशातल्या नाही. बरोबरच्या दोन हत्तिणींना ते जमलं नाही हेही खरं.

कॅम्पवाला
सोंडेनं हात लावत होती 😄

टिळकवाडी_वाचक
हाहा, आता तसंच राहू दे, सोंड हाच हात. संस्कृतात हत्तीला हस्ती म्हणतात ते हातावरूनच ना.

लोंढा_जंक्शन
मूळ प्रश्नावर येतो. माझ्या मते तिसरा मुद्दा सगळ्यात वजनाचा आहे आणि त्याच्यावर कुणीच बोलत नाही, जन्मानंतर तिप्पट. हत्तीण 22 महिने पोटात वाढवते, जमिनीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांत लांब, आणि एवढं करून पिल्लू जन्मतं ते तिसऱ्या हिश्श्याच्या मेंदूनं. बाकीचं सगळं बाहेर वाढतं, कळपात, आईच्या पायात. माणसाचंही असंच आहे. म्हणजे मेंदू वाढत असताना त्याच वेळी शिकणं चालू. कुठलं पाणी कुठल्या महिन्यात आटतं, कुठल्या वाटेनं जायचं, कुणाला घाबरायचं. म्हणून कळपातली म्हातारी हत्तीण मारली तर नुसता एक हत्ती जात नाही.

पण हे दोन्ही जातींना लागू आहे. म्हणून आशियाईचा जास्त का, याचं उत्तर यातनं मिळत नाही हे मी कबूल करतो. आशियाई दाट रानात राहतो, आफ्रिकन सव्हाना मोकळ्या रानात. आफ्रिकेतलाच जंगलातला हत्ती ही तिसरी जात, तिचे मेंदू असेच मोजले तर रानाचा संबंध आहे की नाही ते दिसेल. मला ते वाचायला आवडेल.

गणितमास्तर_निपाणी
ही खरी तुलना. तिसरा बिंदू असल्याशिवाय रेष कुठं जाते ते सांगू नये.

भातवाला_कणकुंबी
स्कॅनवाले, आईंचा प्रश्न काय होता ते राहिलंच की.

खानापूर_स्कॅन
हो काका, सांगतो.

गेल्या सुगीला आमच्या शेतात मादी आणि पिल्लू आले होते. आई माळ्यावर होती, चांदणं होतं, तिनं सगळं बघितलं, ओरडली नाही, डबा वाजवला नाही. सकाळी मला फोनवर सांगत होती, मोठी नीट उपटून, आपटून खाऊलाली होती, पण त्या पिल्लाला काही जमेना. सोंड इकडं टाकायला जातंय ती तिकडं पडतीय. स्वतःच्याच सोंडेवर पाय देऊन अडखळलं. शेवटी गुडघे टेकून तोंडानंच खाल्लं गुरासारखं. मग आईनं, म्हणजे हत्तिणीनं, आपल्या तोंडातला घास त्याला काढू दिला. आमची आई विचारत होती, एवढं मोठं डोकं असून त्याला सोंड कशी हलवता येईना रे, काही बिघाड असेल का, तुझ्या मशिनमधे दिसेल का.

काल तुमची सगळी उत्तरं वाचून तिला फोन केला. म्हटलं, बिघाड नाही गं, जन्मताना मेंदू एवढासाच असतो, तिसरा हिस्सा, बाकीचा अजून वाढायचाय. लहान मेंदू सोंडेचा हिशेब हळूहळू शिकतोय, पोर जसं चमचा धरायला शिकतं तसं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे यंदा त्याला नीट उपटता येईल."

भातवाला_कणकुंबी
आईंचा हिशेब बरोबर हाय. आमच्याकडं आवाज सुरू झालाय परवापासनं, तुमच्याकडं आठ दिवसांत येतील. गेल्या सालचा अर्ज भरलाय काय नुकसानीचा? फोटो तारखेसकट काढून ठेवा, पाऊलखुणा पण, शेजारी काठी ठेवून.

खानापूर_स्कॅन
भरलाय काका, पंचनामा झालाय. शनिवारी गावाकडं येतोय, माळ्यावर आईबरोबर बसणार आहे. छोटी पाऊलखूण दिसली तर पट्टी लावून मोजून इथं टाकतो.

पशुवैद्य_सीमा
खाली उतरू नका मात्र. पिल्लू बरोबर असताना मादी फार सावध असते. आणि शेजारच्या कुणी तारेत करंट सोडला असेल तर सूर्य मावळायच्या आत जाऊन काढायला सांगा, माझं नाव सांगा हवं तर.